‘बसून करायचे काम’ हलके नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघातात कंबर, हात किंवा नजर अधू झाली आणि जुनी नोकरी सुटली की घरचे, ओळखीचे, कधी कधी डॉक्टरही एकच सल्ला देतात : ‘आता संगणकाचे काहीतरी शीक, बसून करायचे काम आहे.’ सल्ला वाईट नाही. या क्षेत्रात संगणकाची पदवी नसताना शिरता येते आणि चाळिशीनंतरही शिरता येते. पण ‘बसून करायचे’ म्हणताना जे गृहीत धरलेले असते तिथेच बहुतेकांचे गणित फसते. मणक्याला मार लागलेल्यासाठी आठ तास बसणे हेच जड काम असते. शिवाय माहिती तंत्रज्ञान ही काही एक नोकरी नव्हे. त्यातल्या काही नोकऱ्यांत टेबलाखाली रांगावे लागते, काहींत रात्री दोनला फोन घ्यावा लागतो, काहींत दिवसभर हेडफोन कानाला. म्हणून कोर्सची फी भरण्याआधी काय मोजायचे आणि कुठल्या दाराने आत जायचे, याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिले मोजमाप शरीराचे. एक वही घ्यावी आणि दोन आठवडे रोज नोंद करावी : किती वाजता बसलो, कितव्या मिनिटाला दुखायला किंवा मुंग्या यायला लागल्या, उठल्यावर किती वेळाने थांबले, गोळी कधी घेतली, रात्री झोप कशी लागली. दोन आठवड्यांनी हातात एक आकडा येतो, आणि पुढचे सगळे नियोजन त्या आकड्यावर बेतायचे. दुखणे तिसाव्या मिनिटाला सुरू होत असेल तर अभ्यासाची बैठक वीस मिनिटांची ठेवायची, मग पाच मिनिटे उठून फिरायचे, पुन्हा वीस मिनिटे. म्हणजे दुखायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी उठायचे. ही बैठक आठवड्याला दोन-तीन मिनिटांनीच वाढवावी. चांगला दिवस उगवला की सलग तीन तास बसून मागचा अभ्यास भरून काढायचा मोह होतो. त्यानंतरचे दोन दिवस आडवे पडून जातात आणि आठवड्याची बेरीज उलट कमीच भरते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असे बारा आठवड्यांचे धडाकेबाज वर्ग अशा माणसाला परवडत नाहीत ते याच कारणाने. तिथे बुद्धी कमी पडत नाही, कंबर कमी पडते.

गोळ्यांचाही हिशेब हवा. नसांच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिन, गाबापेंटिनसारख्या औषधांनी झापड येते, चक्कर येते, वाचलेले डोक्यात राहत नाही. पुष्कळ जण याचा अर्थ ‘आता वय झाले, आपल्याला हे जमणार नाही’ असा लावतात आणि सोडून देतात. औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही; डॉक्टरांना सांगून वेळ किंवा मात्रा बदलता येते का ते विचारायचे, आणि कठीण विषय डोके स्वच्छ असलेल्या तासांत घ्यायचा. उरलेल्या वेळेत टायपिंगचा सराव किंवा फाइली लावणे चालते.

टेबलाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते : नुसत्या लॅपटॉपवर वर्षभर शिकू नये. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्याने एक तर मान वाकते नाहीतर हात वर उचलले जातात, तिसरा पर्याय नसतो. लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चवडीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी, पडदा हातभर लांब ठेवावा, कीबोर्ड-माउस वेगळा जोडावा. कोपर साधारण काटकोनात, पाय जमिनीवर टेकलेले. महागड्या खुर्चीआधी हे करा. उभे राहून काम करायचे टेबल चांगले असते, पण दिवसभर उभे राहणे हाही उपाय नव्हे. बसणे-उभे राहणे आलटून पालटून व्हायला हवे.

एक धोका नव्या दुखापतीचा. उजवा हात जायबंदी झालेला माणूस सगळा भार डाव्यावर टाकतो आणि सहा महिन्यांत तोही कुरकुरू लागतो. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर बहुधा कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसायची सवय नडलेली असते. दोन्हींवर वेळेत इलाज होतो. ‘सवय होईल’ म्हणून रेटत राहिले तर आधीच एक हात गमावलेल्या माणसाकडे मग काहीच उरत नाही.

आता दाराबद्दल. कंबर, गुडघा किंवा खांदा अधू असेल तर जागेवर जाऊन यंत्रे दुरुस्त करण्याचे काम टाळावे. ‘डेस्कटॉप सपोर्ट’ हे नाव साधे वाटते, पण त्यात यूपीएस हलवणे, केबल ओढणे, टेबलाखाली शिरणे आलेच. डेटा सेंटरमधला (सर्व्हर ठेवायच्या मोठ्या दालनातला) डिस्कांनी भरलेला सर्व्हर सहज तीस किलोच्या घरात जातो आणि तो छातीच्या उंचीवर धरून कपाटाच्या रुळांत सरकवायचा असतो. त्याऐवजी दूरस्थ हेल्पडेस्क (फोनवर किंवा चॅटवर अडचणी सोडवणे), लिनक्स (सर्व्हरवर चालणारी एक प्रणाली) किंवा क्लाउडचे (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचे) व्यवस्थापन, डेटाबेस, सॉफ्टवेअर चाचणी ही कामे पाहावीत.

हात अधू असेल तर उलट विचार. थेट चॅटवर उत्तरे देणाऱ्या हेल्पडेस्कमध्ये टायपिंगचा वेग मोजला जातो. प्रोग्रामिंग, डेटाबेस किंवा चाचणीत तेवढा वेग लागत नाही, वेळ विचारात जातो. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ आहे : शिफ्ट पाच वेळा दाबले की ती सुरू करायची विचारणा होते, मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केपसारख्या जुळण्या एकेक बटण दाबून करता येतात. एका हाताचे ड्व्होरॅक (अक्षरांचा वेगळा क्रम असलेले) कीबोर्ड-आराखडेही विंडोजमध्ये आतच असतात, डाव्या हातासाठी वेगळा आणि उजव्यासाठी वेगळा. दोन्ही हात चालत नसतील तर आवाज. विंडोज ११ आणि मॅकमध्ये बोलून संगणक चालवायची सोय आहे, आणि कोड लिहिण्यासाठी ‘टॅलन’ नावाचे सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. त्यात प्रत्येक अक्षराला एक छोटा शब्द ठरलेला असतो. पण घसाही थकतो. दिवसभर बोलून कोड लिहिणाऱ्यांचा आवाज बसतो, म्हणून पाणी, मधली विश्रांती आणि शक्य तिथे माउस किंवा पायाने चालणारे बटण अशी मिसळ ठेवावी लागते.

नजर कमी झालेल्यांसाठी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम मोफत मिळतो. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. तो शिकायला दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि एकदा हात बसला की एक खास दार उघडते : संकेतस्थळे व ॲप दिव्यांगांना वापरता येतात का, ही चाचणी. त्याचा जागतिक मापदंड, डब्ल्यूसीएजी, याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ : १ हवा, प्रत्येक गोष्ट नुसत्या कीबोर्डने करता यायला हवी, बोट लावायची जागा किमान २४ × २४ पिक्सेल हवी (याला काही अपवाद आहेत), असे त्यातले निकष मोजून तपासता येतात. उठाव यंत्र मोजते. चित्राखाली लिहिलेले वर्णन खरेच त्या चित्राचे आहे का, किंवा चूक झाल्यावर फॉर्म भरणाऱ्याला ते कळले का, हे माणसालाच पाहावे लागते; आणि ते रोज त्या अडचणीतून जाणाऱ्याला जितके पटकन दिसते तितके इतरांना दिसत नाही.

डोक्याला मार लागलेल्यांनी मात्र रात्रपाळी आणि ‘ऑन-कॉल’ (बोलावणे आले की कधीही कामाला लागायचे) असलेल्या नोकऱ्यांपासून, म्हणजे सर्व्हर देखरेख आणि सुरक्षा निगराणी केंद्रांपासून, निदान पहिली दोन वर्षे लांब राहावे. अपुरी झोप आणि सततचे इशारे यांत डोकेदुखी परतते.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा : जुना धंदा. वीस वर्षे स्टोअरमध्ये, वॉर्डात किंवा मशीनवर काढलेला माणूस संगणकाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून स्वतःला शून्य समजतो, आणि त्याला कोणी दुरुस्तही करत नाही. एक उदाहरण देतो. कारखान्याच्या ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये माल आवक नोंदवायचा पडदा तपासायचा आहे. नुकता पदवी घेतलेला मुलगा १०० नगांची ऑर्डर टाकतो, १०० नग आवक दाखवतो, साठा १०० ने वाढला, चाचणी पास. स्टोअरकीपर वेगळे टाकतो : ऑर्डर १०० ची, ट्रकमधून उतरले ९७, तपासणीत ४ नापास. मग साठा ९३ ने वाढला पाहिजे, नापास चार वेगळ्या ठिकाणी दिसले पाहिजेत, पुरवठादाराचे बिल १०० चे आले तरी पैसे ९३ चेच सुटले पाहिजेत. आणि त्याचा पुढचा प्रश्न तर कोणत्याच पुस्तकात नसतो : ऑर्डरवर बाकी आता तीन की सात? पुरवठादार चार नग बदलून देणार असेल तर सात, डेबिट नोट करून त्या चारांची रक्कम वजा करायची असेल तर तीन. सॉफ्टवेअरला हे विचारायची सोयच नसेल तर तो दोष आहे, आणि तो सापडला नाही तर वर्षअखेरीला साठा जुळत नाही.

हीच गोष्ट परिचारिकेची : औषधाचा डोस नोंदवायच्या पडद्यावर ‘दिला नाही, रुग्ण शस्त्रक्रियेला नेला होता’ हे लिहायला जागा आहे का, हे तिलाच सुचेल, म्हणून रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरची बाजू तिने पाहावी. इलेक्ट्रिशियनने पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा संगणक) आणि स्काडा (पडद्यावरून कारखान्याची देखरेख) पाहावे, टर्नर-फिटरने कॅड-कॅम (संगणकावरचे आराखडे आणि त्यावरून यंत्रकाम) आणि उत्पादनाचे ईआरपी, ट्रकचालकाने किंवा गोदामातल्या माणसाने वाहतूक आणि गोदामाचे सॉफ्टवेअर. ‘सायबर सुरक्षा’ आणि ‘डेटा सायन्स’ या जाहिरातीतल्या लाडक्या शाखा पहिल्या पायरीच्या नाहीत. नेटवर्क न कळता सुरक्षा शिकलेला माणूस मुलाखतीच्या तिसऱ्या प्रश्नाला थांबतो. नवशिक्या प्रोग्रामरचे साधे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता बरेचसे करून टाकते, त्यामुळे नुसते कोडिंग शिकून बाहेर पडणाऱ्यांची दाटी झाली आहे. धंदा कळणारा आणि थोडे तंत्र जाणणारा माणूस अजून मिळत नाही.

शिकायचे कसे? महाग काही लागत नाही. जुना संगणक, १६ जीबी मेमरी (८ वर भागते, पण रडत), एसएसडी डिस्क आणि व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर. त्यात दोन आभासी संगणक (खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे) उभे करायचे : एक २ जीबीचा लिनक्स सर्व्हर, एक वापरणाऱ्याचा, विंडोज ११ असेल तर ४ जीबीचा. दोघे एकमेकांशी बोलू लागले की ‘स्नॅपशॉट’ (त्या क्षणाच्या स्थितीची, परत जाता येईल अशी प्रत) घ्यायचा आणि मग मुद्दाम बिघडवायचे. व्हिडिओ पाहून मान डोलावण्यात जे वर्ष जाते ते इथे वाचते.

डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) पत्ता चुकीचा टाका : ८.८.८.८ या बाहेरच्या सर्व्हरला पिंग (पोहोचतो का, ही हाक) जाते, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. म्हणजे रस्ता ठीक आहे, नावाचा पत्ता सापडत नाही. डीएचसीपी (संगणकांना पत्ता वाटणारी सेवा) बंद करून विंडोज संगणक सुरू करा : त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे पत्ता वाटणाऱ्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. डिस्क भरून टाका आणि मोठी लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) पुसा. तरी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरलेलीच दाखवते, दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करणारी ‘डीयू’ मात्र कमी आकडा सांगते. कारण फाइलचे नाव गेले, पण ती उघडून बसलेला प्रोग्राम चालूच आहे; तो पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. घड्याळ दोन वर्षे पुढे न्या : सगळी सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची मुदत संपल्याची तक्रार करतात. (आधी वेळ जुळवणारी सेवा बंद करा, नाहीतर घड्याळ आपोआप ठिकाणावर येते आणि आपण डोके खाजवत बसतो.) एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीच्या) खासगी किल्लीच्या फाइलला सर्वांना वाचायची परवानगी द्या : ती किल्ली नाकारली जाते, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) केली की चालते.

प्रत्येक बिघाडाची नोंद चार ओळींत ठेवा : वापरणाऱ्याने काय सांगितले, प्रत्यक्षात काय दिसले, काय बदलले, बदलल्यावर काय झाले. हेल्पडेस्कचे तिकीट असेच लिहितात. अशा चाळीसेक नोंदी मुलाखतीत पुढे ठेवल्या तर त्या कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात. यानंतर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकावे, कारण वर सांगितलेल्या बहुतेक दारांत ते लागते. आठवड्याला दहा तास प्रामाणिकपणे मिळत असतील तर पहिल्या अर्जापर्यंत नऊ महिने ते वर्ष धरावे. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्यापासून लांब राहावे.

परीक्षांबद्दल थोडक्यात. हेल्पडेस्कसाठी कॉम्पटिया ए प्लसचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० मिनिटांचे. चाचणीसाठी आयएसटीक्यूबी फाउंडेशन, ४० प्रश्न, ६० मिनिटे, पास व्हायला २६ गुण. रेड हॅटची आरएचसीएसए पूर्ण प्रात्यक्षिक असल्याने पाठांतर चालत नाही, म्हणूनच तिला मान आहे. ए प्लस आणि आरएचसीएसएची मुदत तीन वर्षे, म्हणजे नोकरीचे अर्ज करायला घेण्याच्या आधी फार लवकर देऊ नये. आणि महत्त्वाचे : जादा वेळ, मधे उठायची परवानगी, पडदा वाचणारे सॉफ्टवेअर अशा सवलतींसाठी परीक्षेची तारीख नक्की करण्याआधी, वैद्यकीय कागदांसह अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. आधी तारीख घेतली की बहुतेकदा सवलतीविना, नेहमीच्या वेळेतच पेपर द्यावा लागतो.

पैशांचे. भरपाईची रक्कम एकरकमी हातात आली की कोर्स विकणाऱ्यांना ती बरोबर दिसते. विमा किंवा भरपाई दरमहा मिळत असेल तर दोन प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे : प्रशिक्षण घेतल्याने किंवा अर्धवेळ काम सुरू केल्याने रक्कम कमी होते का, आणि पुनर्वसनाखाली प्रशिक्षणाचा खर्च मिळतो का. जिथे मिळतो तिथेही बऱ्याचदा आधी मंजुरी लागते, भरून झालेली फी परत मिळत नाही. फोनवरच्या ‘हो हो, चालेल’ला पुढे काही किंमत राहत नाही.

मुलाखतीत अपघाताची कहाणी सांगत बसू नये. दोन वाक्ये पुरतात : जुने काम दुखापतीमुळे थांबले, त्यानंतर हे शिकलो, ही बिघाडांच्या नोंदींची वही. आपल्याला काय लागते ते मात्र नेमके सांगावे. ‘मला पाठीचा त्रास आहे’ यातून समोरच्याला फक्त भीती वाटते. ‘चाळीस मिनिटांनी मी तीन मिनिटे उभा राहतो, बैठकीतही’ हे ऐकून तो होकार देऊ शकतो. नेमणूक घेण्याआधी विचारायचे ते असे : महिन्यात किती रात्री ऑन-कॉल, एका कॉलला किती वेळ मोजतात, स्वतःचा कीबोर्ड-माउस चालेल का. आवाजावर काम करणाऱ्याने आणखी एक विचारावे, कारण इथे पुष्कळांची नोकरी पहिल्याच आठवड्यात अडते : ते सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकावर बसवू देणार का? सुरक्षा विभाग यादीबाहेरचे काही बसवू देत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर दूरस्थ जोडणीतून काम असेल तर आवाजाच्या आज्ञा पलीकडे नीट पोहोचत नाहीत. मोकळ्या दालनात शेजारच्याचे बोलणेही आज्ञा म्हणून टिपले जाते, तेव्हा चांगला मायक्रोफोन आणि कोपऱ्यातली जागाही मागून घ्यावी.

शेवटी भरती करणाऱ्यांना एक मागणे. पूर्ण वेळ टेबलावर बसून करायच्या पदांच्या जाहिरातींतही ‘वीस-पंचवीस किलो वजन उचलता यावे’ ही ओळ जुन्या नमुन्यातून जशीच्या तशी उतरलेली दिसते. ती वाचून योग्य माणूस अर्जच करत नाही, आणि का केला नाही हे कंपनीला कधी कळत नाही. जिथे वजन उचलायचे नाही तिथून ती ओळ काढावी, आणि त्या जागी पाळी कोणती, ऑन-कॉल किती, घरून काम करता येईल का, आणि स्वतःची उपकरणे व सहायक सॉफ्टवेअर चालते का, हे लिहावे.

आपला,
तंत्रसाहाय्य प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील एक वाचक